इंजिन कुठल्या टोकाला?

मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून सातवीतल्या एका मुलीवर अन्याय झाला. गोष्ट तशी लहान आहे. मी तिला मारले नाही, वर्गाबाहेर काढले नाही. फक्त कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवरून उठवले आणि चार मुलींदेखत म्हणाले, "तुमसे नहीं होता ये काम. जाओ, अपनी जगह बैठो." ती उठताना काहीतरी सांगत होती. तास संपायला आला होता, मी ऐकले नाही. असे वाक्य आम्ही शिक्षक बोलतो आणि घंटा झाली की विसरतो. मुले विसरत नाहीत.

दोष तिचा नव्हता, हे मला पुढे सोळा दिवसांनी कळले. कसे कळले तेच सांगायचे आहे. सांगताना कॉम्प्युटरचे काही शब्द येतील. वाचकांनी बिचकू नये. मीही आधी बिचकलेच होते.

मी शिरूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. जुनी माणसे या गावाला अजून नदीच्या नावाने घोडनदी म्हणतात. आमची मुले घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू वाचतात आणि बाजारात मराठीत भाव करतात. "मराठी येते का?" असे विचारले की चटकन "हौ" म्हणतात, कारण बाजारात त्यांचे काही अडत नाही. अडते ते कागदावर. त्यातही न येणाऱ्या शब्दांपेक्षा येणारे शब्दच जास्त घात करतात.

एका मुलाने मराठीच्या पेपरात निबंध लिहिला, 'आमच्या संघाने शिकस्त खाल्ली.' मी आधी हसले आणि मग खजील झाले. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, आणि तो खाल्लाच जातो. मराठीत शिकस्त करणे म्हणजे होता होईल तेवढा प्रयत्न करणे. शब्द एकच, पण एका घरी तो हरतो आणि दुसऱ्या घरी जिवाचे रान करतो. असे शब्द मी वहीत टिपू लागले. राजीनामा : उर्दूत दोन्ही पक्षांच्या तडजोडीचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. (उर्दूत नोकरी सोडायची तर इस्तीफा द्यावा लागतो.) खुलासा : उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण, आणि तेही बहुधा वरिष्ठांनी मागितलेले. तक्रार : उर्दूत तकरार म्हणजे हुज्जत किंवा पुन्हा पुन्हा तेच बोलणे, मराठीत गाऱ्हाणे. फितूर : उर्दूत डोक्यात शिरलेले खूळ किंवा बिघाड, मराठीत शत्रूला जाऊन मिळालेला माणूस.

फारसीचे प्राध्यापक आणि रविकिरण मंडळातले कवी माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला होता. तो चाळला म्हणजे मराठीच्या घरात हे पाहुणे किती आणि किती काळापासून राहत आहेत ते दिसते. आता त्यांना पाहुणे म्हणणेही बरोबर नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू होता. तरी कागद, जमीन, वकील, तारीख, अर्ज हे शब्द राहिलेच. माणसे शब्द वापरताना त्याचे गाव विचारत नाहीत.

या शब्दांचे एक पान कॉम्प्युटरवर करावे असे मनात आले. उजवीकडे नस्तालीक लिपीत उर्दू शब्द, डावीकडे देवनागरीत मराठी. बोट लावले की दोन वाक्ये समोर यावीत, एक उर्दूच्या घरातले आणि एक मराठीच्या. बी.एड. झाल्यावर मी सुटीत एक छोटा कोर्स केला होता, तेवढ्या पुंजीवर एचटीएमएल लिहिता येत होते. लिहिण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर घेतला. तो फुकट मिळतो आणि प्रोग्रामर लोक मोठ्या प्रमाणावर वापरतात. मराठीचा भाग मी घरी टाइप करून ठेवला. उर्दूचा भाग मुलींनी करावा असे ठरवले. हात बसेल आणि शब्दही डोक्यात बसतील.

प्रत्येक ओळीत कंस आणि खुणा इंग्रजी कळफलकावर, शब्द उर्दू कळफलकावर. म्हणजे एका ओळीत दोनदा भाषा बदलणे आले. विंडोजमध्ये त्याची जुनी रीत आहे : डावी ऑल्ट आणि शिफ्ट या दोन कळा एकदम दाबायच्या. इंग्रजीची उर्दू होते, पुन्हा दाबले की उर्दूची इंग्रजी. आमचा उर्दू कळफलक फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे चालणारा. एफच्या कळीवर फे, आरवर रे, टीवर ते. मुलींना तो दोन दिवसांत जमला. त्यांतली जी सर्वांत चपळ, तिलाच मी मुख्य काम दिले. ती वहीकडे बघून टाइप करायची, पडद्याकडे क्वचित बघायची. टाइपरायटिंगच्या क्लासमध्ये असेच शिकवायचे, म्हणून मला तिचे कौतुक होते.

मग भानगड सुरू झाली. तिने पाच ओळी टाइप केल्या म्हणून मी बघायला गेले, तर पडद्यावर दीडच ओळ. बाकीचे शब्द कुठे गेले पत्ता नाही. दुसऱ्या वेळी गेले तर वरच्या पट्टीतला फाइल मेनू उघडून लोंबत होता. तिसऱ्या वेळी खाली टर्मिनल नावाची काळी पट्टी उघडली होती आणि तिच्यात काहीबाही इंग्रजी अक्षरे सांडलेली. जे शब्द उमटले होते त्यांतही चुका : ख़ुलासाच्या खेच्या जागी काफ, स्वादच्या जागी सीन. मला वाटले, पोरगी माउसशी खेळते, मेनू उघडते, शुद्धलेखनाकडे लक्ष नाही. दोन दिवस सांगून पाहिले आणि तिसऱ्या दिवशी ते वाक्य बोलून बसले.

आता माझी जागा मीच घेतली. पहिल्या दिवशी काही झाले नाही आणि माझी खात्री पटली. दुसऱ्या दिवशी मी 'फितूर' टाइप करायला घेतला आणि फाइल मेनू धाडकन उघडला. मी माउसला हातही लावला नव्हता. त्या दुपारी तीनदा असे झाले. मी काय म्हणाले असेन? "मशीन बिघडली." तिच्या हातून झाले तेव्हा दोष तिचा, माझ्या हातून झाले तेव्हा दोष मशीनचा. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या दुपारी ते माझ्या ध्यानातही आले नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण येऊन गेला. माणूस भला. त्याने व्हायरस शोधला, तो सापडला नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यातली उर्दूची खूण बघून म्हणाला, "मॅडम, हा उर्दू कीबोर्ड काढून टाका. त्यानंच मशीन बावचळतंय. इंग्लिश ठेवा, फार तर मराठी टाका." त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. घरात एखादे जास्तीचे सामान अडचण करते, ते माळ्यावर टाका, असे सांगावे तसे तो सांगत होता. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनाही ते पटले. "काय कू इत्ती मेहनत? उर्दू लफ़्ज़ भी देवनागरी में लिख दो. बच्चे पढ लेते."

पढ लेते, हे खरे. पण ख आणि ख़, स आणि स्वाद, त आणि तोय हे सगळे एकाच रांगेत उभे राहिले असते आणि मुलाला तो शब्द आपल्या पुस्तकातला म्हणून ओळखता आला नसता. शब्दाला दोन घरे आहेत हे दाखवायला निघालेल्या पानावर एकच घर उरले असते. तरीही मी सेटिंगमध्ये जाऊन उर्दूच्या नावापुढचे 'काढून टाका'चे बटन उघडले होते. बोट त्यावर ठेवले होते. काम अडले की माणूस काय काय सोडायला तयार होतो! त्या दिवशी शाळेची घंटा झाली म्हणून ते राहून गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अर्ध्या शाळेनंतर मी माहेरी, दौंडला निघाले. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथे गाडी बदलून पुढे. चौफुल्याजवळ केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथलेच. रमाबाई तिथे राहून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून बायबल मराठीत आणले. ते मिशनच्याच छापखान्यात छापले गेले. या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आले की हिब्रूही उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी याच दौंड तालुक्यात एक बाई उजवीकडून वाचत होती आणि डावीकडून लिहीत होती. तिला कोणी सांगितले असेल का, की एक लिपी काढून टाका, मग काम सोपे होईल?

अब्बा दौंडच्या यार्डात पॉइंट्समन होते. आता निवृत्त. आमच्या लहानपणी दौंडचा एक खेळ पाहण्यासारखा असे. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी ज्या टोकाने स्टेशनात येई त्याच टोकाने तिला बाहेर पडावे लागे. मग पुढचे इंजिन सोडायचे, बाजूच्या रुळावरून फिरवून मागच्या टोकाला आणून जोडायचे. पुण्याहून शेवटचा म्हणून निघालेला डबा इथून पहिला होई. नवखे प्रवासी घाबरत. खिडकीतून डोके काढून बाया विचारत, "दादा, गाडी परत पुण्याला निघाली का हो?" आता कॉर्ड लाइन झाल्यापासून मनमाडकडच्या कितीतरी गाड्या जंक्शनात न शिरता बाहेरच्या बाहेर जातात. पण अब्बांच्या नोकरीची बरीच वर्षे इंजिने सोडण्या-जोडण्यात गेली.

रात्री जेवताना मी माझी कटकट सांगितली. मला वाटले होते, अब्बांना त्यात काय कळणार! त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि विचारले, "तू टाइप करती, तो तेरी नजर किदर रहती?"

"वही पे. नै तो पडदे पे."

"और मशीन का इंजन किदर लगा रहता?"

मला कळेना. ते म्हणाले, "बेटा, डिब्बे कू देख के गाडी की दिशा नै समजती. पैले ये देखने का, इंजन कौन से टोक पे जुडा है. पॅसिंजर डिब्बे कू देखता, मास्तर इंजन कू."

अब्बांनी आयुष्यात कधी एडिटर पाहिलेला नाही. पण त्यांनी जे विचारले त्याला कॉम्प्युटरच्या भाषेत फोकस म्हणतात. पडद्यावर एका वेळी चार खिडक्या उघड्या असतील, एका खिडकीत चार कप्पे असतील. पण कळफलक एका वेळी एकाच जागेला जोडलेला असतो. त्या जागेवर फोकस आहे असे म्हणतात. आपण जिकडे बघतो तिकडे अक्षर जात नाही. फोकस जिकडे असेल तिकडे जाते. डोळा पाहतो तो डबा, फोकस म्हणजे इंजिन. लिहिण्याच्या जागी उभी रेघ लुकलुकत असेल तर इंजिन तिथे जोडलेले आहे. रेघ लुकलुकायची थांबली किंवा दिसेनाशी झाली, की समजावे इंजिन दुसऱ्या टोकाला गेले. दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामने आगाऊपणे फोकस ओढून नेऊ नये म्हणून विंडोजने बरीच वर्षे एक शिस्त ठेवली आहे. पुढे येऊ पाहणाऱ्या प्रोग्रामला सहसा थेट पुढे येऊ देत नाहीत, खालच्या पट्टीवर त्याचे बटन लुकलुकते. दारात उभे राहून सलाम करावा, बोलावल्याशिवाय आत येऊ नये, तसे.

सोमवारी मी मशीनला शिव्या देणे बंद केले आणि वहीत तक्ता आखला. कोणता शब्द टाइप करताना काय झाले, ते लिहायचे. मेनू उघडा पडला की एस्केप दाबायचे आणि कंट्रोल व एक या कळांनी लिहिण्याच्या जागी परत यायचे, म्हणजे माउस लागत नाही. बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकवली होती : मूल चुकते कुठे हे आधी शोधा, उपाय मागून. मुलांसाठी शिकलेले ते मशीनवर वापरले. मुलावर वापरायचे मात्र राहून गेले होते.

पहिली शंका एक्स्टेंशनची, म्हणजे एडिटरला वरून जोडलेल्या जादा सोयींची. त्यांतली एखादी बिघाड करत असेल तर शोधण्याची सोय एडिटरमध्येच आहे. तिला एक्स्टेंशन बायसेक्ट म्हणतात. अर्ध्या सोयी बंद करून पाहायचे. बिघाड गेला तर दोषी त्या अर्ध्यात, राहिला तर दुसऱ्या अर्ध्यात. मग त्यांचे पुन्हा अर्धे. अब्बाही मालगाडीचा ब्रेक कुठल्या डब्यात धरतो ते साधारण असेच शोधायचे. मी सगळे करून पाहिले. सर्व सोयी बंद असतानाही मेनू उघडतच होता. म्हणजे दोषी तिथे नव्हता.

दुसरी शंका डीबगरची. प्रोग्राम तपासताना तो एखाद्या ठिकाणी थांबला की एडिटरची खिडकी आपोआप पुढे येते. ते नको असेल तर डीबगच्या सेटिंगमध्ये 'फोकस विंडो ऑन ब्रेक' बंद करता येते. पण मी तर काही चालवत नव्हते, नुसते टाइप करत होते. ही शंकाही गेली.

तिसऱ्या दिवशी तक्त्यानेच उत्तर दिले. फितूर लिहिताना फाइल मेनू. तकरार लिहिताना टर्मिनल मेनू. राजीनामा लिहिताना रन मेनू. शिकस्त लिहिताना मात्र काहीच नाही. ना मेनू, ना अक्षर. शिकस्तचा शीन एक्सच्या कळीवर आहे आणि एक्सने सुरू होणारा मेनू वरच्या पट्टीत नाही. फे, ते, रे या एफ, टी, आरच्या कळा, आणि फाइल, टर्मिनल, रन हे त्याच अक्षरांचे मेनू! म्हणजे शब्दाचे पहिले अक्षर टाइप होताना इंजिन मेनूच्या पट्टीला जोडलेले होते, आणि भाषाही अजून इंग्रजीच होती. पुढची अक्षरे मग जिथे पडतील तिथे पडत होती.

मेनूच्या पट्टीला ते जोडते कोण? ऑल्टची कळ. विंडोजमध्ये फार पूर्वीपासून रीत आहे : एकटी ऑल्ट दाबून सोडली की फोकस मेनूवर जातो. हा एडिटरही ती रीत पाळतो. पण आम्ही एकटी ऑल्ट कधी दाबतच नव्हतो, तिच्याबरोबर शिफ्ट असायची. असायची ना?

एडिटरमध्ये कळांची नोंद उमटवणारी एक आज्ञा आहे : टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग. ती चालू केली की दाबलेल्या प्रत्येक कळीची ओळ खाली छापली जाते. मी दहा वेळा भाषा बदलली. सात वेळा ऑल्ट आणि शिफ्ट दोघींच्या ओळी आल्या. तीन वेळा एकट्या ऑल्टची आली. मी शिफ्ट दाबली होती, माझ्या बोटाला ते ठाऊक होते, पण मशीनपर्यंत ती पोचलीच नव्हती. कीबोर्ड उलटा करून झटकला, कळीखाली फुंकर मारली. काही उपयोग झाला नाही. डावी शिफ्ट झिजली होती.

ती का झिजली तेही उघड आहे. उर्दूची अक्षरे इंग्रजीच्या सव्वीस कळांत मावत नाहीत. खे, ग़ैन, स्वाद, ज़्वाद, ठ्ठे वाटावे असे टे, डाल, ड़े, नून गुन्ना – या सगळ्यांना फोनेटिक कळफलकावर शिफ्ट लागते. म्हणून तर ख़ुलासाचा खे दाबला की काफ उमटत होता आणि स्वादच्या जागी सीन. त्या मुलीचे शुद्धलेखन पक्के होते. तिच्या चुका मी लाल शाईने गोल केल्या होत्या, आणि त्या गोलांना नीट बघितले असते तर रोग तिथेच दिसला असता : चुकलेले प्रत्येक अक्षर शिफ्टचे होते. एकही साधे अक्षर चुकले नव्हते.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. एडिटरच्या सेटिंगमध्ये 'कस्टम मेनू बार ऑल्ट फोकस' ही खूण काढली, म्हणजे एकट्या ऑल्टने फोकस मेनूवर जाणार नाही. भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्टऐवजी विंडोजची कळ आणि स्पेस वापरायचे ठरले. प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवण्याची सोय विंडोजच्या कळफलक-सेटिंगमध्ये आहे, तीही चालू केली. आता ब्राउझरमधले उर्दू एडिटरमध्ये येऊन बसत नाही. आणि साडेतीनशे रुपयांचा नवा कीबोर्ड आणला. उर्दू काढावी लागली नाही. फितूर झाली होती ती एक कळ, भाषा नव्हे.

त्या संध्याकाळी मग़रिबची नमाज पढताना एक गोष्ट झाली. आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे : तोंड किब्ल्याकडे, हात बांधलेले, ओठांवर सूरह; आणि मन मात्र हरवलेली किल्ली कुठे ठेवली होती ते शोधून काढते. खुशू ज्याला म्हणतात ते याच्यासाठीच तर आहे, शरीर ज्या दिशेला आहे त्याच दिशेला मन असावे म्हणून. त्या दिवशी माझ्या मनाने किल्ली शोधली नाही. ती मुलगी खुर्चीवरून उठताना काय सांगत होती ते मला अचानक ऐकू आले. शब्द नाही आठवले, पण तिचे बोट आठवले. ती कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पण माझे इंजिन 'ही पोरगी नीट काम करत नाही' या टोकाला जोडलेले होते. तिचे एक अक्षरही माझ्यापर्यंत पोचले नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी तिला पुढे बोलावले. ज्या चार मुलींदेखत बोलले होते त्या समोरच होत्या, बाकीचा वर्गही होता. जुना कीबोर्ड सगळ्यांना दाखवला, शिफ्ट दहादा दाबून दाखवली, आणि सांगितले की चूक हिची नव्हती, माझी होती. मी तपास न करता बोलले. वर्ग एकदम गप्प झाला. टीचरने माफी मागण्याची मुलांना सवय नसते.

मी तिला विचारले, "तुम उस दिन कुछ बोल रही थीं ना?"

ती खाली बघत म्हणाली, "हौ टीचर. मैं बोली थी, ये बटन कभी दबता, कभी नै दबता."

सोळा दिवस मी जे शोधत होते ते तिने पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितले होते.

आता ती पुन्हा त्या खुर्चीवर बसते. पानावर शब्दांची भर पडत आहे. मागच्या आठवड्यात तिने विचारले, "टीचर, माफी लिखूं क्या?" मी म्हटले, "अगं, माफीचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे. आपली यादी वेगळ्या अर्थाच्या शब्दांची आहे." ती जरा थांबली आणि म्हणाली, "एक तो रहने दो."

मी तो राहू दिला आहे.